आधी रोबोला नोकरीला लावा

पहिल्यांदा रोबोचं शोभेचं मॉडेल बनवायला बसलेला माणूस डोक्यापासून सुरुवात करतो. दोन लाल डोळे, जाळीचं तोंड, वर एक अँटेना. डोकं झकास जमतं. मग खाली धड म्हणून एक खोका, खोक्याला चार नळ्या, आणि महिन्याभरात ते सगळं कपाटावर धूळ खात पडतं. कारण कितीही मन लावून रंगवलं तरी ते शाळेच्या प्रदर्शनातल्या वस्तूसारखंच दिसतं. माझे पहिले दोन असेच वाया गेले. हात तेव्हाही ठीकच चालायचा, पण त्या रोबोंना कामच काही नव्हतं.

तिसरा जमला तो वाशीच्या खाडीपुलामुळे. मानखुर्दकडे जाणारी लोकल पुलावर येते तेव्हा ओहोटी असेल तर करडा चिखल लांबवर उघडा पडलेला दिसतो. कडेला तिवरांची रांग असते आणि मोसम आणि नशीब दोन्ही असेल तर त्या चिखलात माना खाली घालून चरणारे रोहित पक्षीही, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. याच ठाणे खाडीचा एक पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पण पक्ष्यांच्या बरोबरीने प्लास्टिकच्या पिशव्याही दिसतात. एकदा दारात उभ्या उभ्या मनात आलं, की शंभर वर्षांनी इथला कचरा आणि गाळ उपसायला कोणी यंत्र उभं केलं, तर ते कसं असेल?

हा प्रश्न पडला आणि पुढचं जवळजवळ आपोआप ठरत गेलं. चाकं चिखलात रुतणार, म्हणजे पाय हवेत. पाऊल फताडं हवं. पण तिवरांची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात, ती मोडायची नाहीत, म्हणून सलग तव्यासारखं पाऊल नको, तीन लांब बोटं हवीत. भरतीचं पाणी चढतं, म्हणजे मोटारी, बॅटऱ्या सगळं वर पोटात. हातांची जोडी कशाला, एकच लांब हात आणि त्याला खोरं. आणि डोळे? गाळ उपसणाऱ्या यंत्राला माणसासारखा चेहरा कोण देईल? कॅमेऱ्याचा एक खांब पुरे. ज्या डोक्यापासून मी दोनदा सुरुवात केली होती, ते यात राहिलंच नाही.

पाय तर सरळ रोहितकडूनच घेतले. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं. पण पायाच्या मध्यावर दिसतो तो सांधा म्हणजे त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो.

तुमचा रोबो खाडीतलाच हवा असं नाही. एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांद्याची पोती वाहणारा करा, येऊरच्या जंगलात वणवा विझवणारा करा. फक्त पेन्सिल हातात घेण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: तो काय काम करतो, कुठे उभा असतो, कशाने खराब होतो, आणि दुरुस्त करायला माणूस त्याच्यावर कुठून चढतो. पुढे प्रत्येक वेळी अडलात की याच चार ओळी वाचायच्या.

माप

प्रमाण एकदा ठरवा आणि त्याच्याशी बेइमानी करू नका. मी १/२४ घेतलं. म्हणजे खऱ्या जगातला कुठलाही आकडा मिलीमीटरमध्ये लिहायचा आणि चोवीसने भागायचा. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ६९ मिलीमीटरचा होतो, साधारण तर्जनीएवढा. १/३५ मध्ये तोच ४७ मिलीमीटरचा होतो आणि बारीक काम करताना डोळे जातात. १/१२ मध्ये सहा मीटरचं यंत्र अर्ध्या मीटरचं होतं आणि मग ते ठेवायचं कुठे, यावरून घरात बैठक बसते.

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीचा आकडा साडेचार मीटरच्या वर जातो. मात्र चिखलाचा पट्टा स्वतःच उंचावर असतो, त्यामुळे त्यावर पाणी तेवढं खोल नसतं. म्हणून मी पाय ३.६ मीटरचे धरले. मॉडेलमध्ये ते १५० मिलीमीटर झाले. पोट १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, १.२ मीटर उंच: ७५, ५० आणि ५० मिलीमीटर. वरचा खांब ५० मिलीमीटर. एकूण उंची २५० मिलीमीटर, म्हणजे खरोखरीचे सहा मीटर.

मॉडेल खरं वाटतं ते लहान मापांमुळे. शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे इथे साडेबारा मिलीमीटर. माणूस आत शिरेल असं ६० सेंटिमीटरचं झाकण म्हणजे २५ मिलीमीटर. १२ मिलीमीटर जाडीचा पत्रा म्हणजे अर्धा मिलीमीटर. वीस मिलीमीटरच्या बोल्टचं डोकं ३० मिलीमीटर रुंद असतं, ते इथे सव्वा मिलीमीटर. नवखे लोक नेमके इथेच फसतात आणि बोल्ट म्हणून शर्टाच्या बटणाएवढी टेंगळं चिकटवतात. मग यंत्र एकदम खेळण्याएवढं होऊन जातं. पाहणारा मनातल्या मनात बोल्टवरूनच मोजत असतो.

सामान

महागडी हत्यारं लागत नाहीत. कटर आणि पात्यांचं पाकीट, स्टीलची पट्टी, सुताराकडे असतो तसा छोटा गुण्या, दोन पकडी, एक बारीक कानस, एक ते दोन मिलीमीटरचं भोक पाडणारं हातड्रिल, आणि २२०, ४०० व ६०० नंबरचे पॉलिश पेपर. शेवटचा ६०० नंबर वॉटर पेपर घ्या, ओला करून घासता येतो.

आतल्या सांगाड्याला तीन मिलीमीटरचा सनबोर्ड, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात तो फुगवलेल्या पीव्हीसीचा हलका बोर्ड, वरच्या कातडीला अर्धा आणि एक मिलीमीटरची स्टायरीन शीट. प्लास्टिकच्या घाऊक दुकानात हिला हिप्स शीट म्हणतात. सनबोर्ड विकत घेऊ नका. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुकानांच्या पाट्या बनवणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे हातभर तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा आणि काय बनवताय ते सांगा. मला एकदा सांगितलेल्यापेक्षा दुप्पट तुकडे आणि वर चहा मिळाला होता. थर्माकोलच्या वाटेला मात्र जाऊ नका. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हे एक, आणि स्प्रेचा रंग त्याला अक्षरशः खाऊन टाकतो हे दुसरं.

मग घरातलं भंगार. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल मिळाली तर ती जिवापाड जपा. एकात एक सरकणाऱ्या त्या चकचकीत नळ्या म्हणजे तयार हायड्रॉलिक सिलिंडर. आईच्या शिवणाच्या डब्यातली १२ मिलीमीटरची बटणं सांध्यांच्या चकत्या होतात, विचारून घ्या. सोल्डरिंगची एक मिलीमीटरची तार वाकवू तशी राहते, ती तेलाची नळी होते. तिच्यात बहुधा शिसं असतं, काम झाल्यावर हात धुवा. बंद पडलेला माउस आणि चार्जर फोडून ठेवा, आतल्या प्लास्टिकच्या फासळ्या यंत्राच्या पोटात फार शोभतात.

बाटल्यांची झाकणं दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्यावर बहुतेकदा ना गोंद बसतो ना रंग. ती पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिथिनची असतात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बादलीची परीक्षा. प्लास्टिकचा छोटा तुकडा कापा, पाण्यात पूर्ण बुडवा आणि सोडा. वर आला तर तो यातला, त्याचा नाद सोडा किंवा स्क्रूने आवळा. तळाशी गेला तर बहुधा स्टायरीन, एबीएस किंवा पीव्हीसी, चिकटवून बघा. सनबोर्ड मात्र फुगवलेला असल्यामुळे पीव्हीसी असूनही तरंगतो, त्याला या परीक्षेला बसवू नका.

चिकटवायला फेविक्विक, जड जागी अराल्डाइट (दोन नळ्यांतलं मिसळून लावायचा गोंद) आणि स्टायरीनला स्टायरीन जोडायला मॉडेलवाल्यांचं प्लास्टिक सिमेंट. अॅक्रेलिकवाले कारागीर इंजेक्शनच्या सुईने क्लोरोफॉर्म सोडून जोड देतात ते बघून तुम्हाला मोह होईल. घरात ते नको. सिमेंटसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच वापरा.

आधी लग्नपत्रिका

प्लास्टिकला हात लावण्याआधी अख्खा रोबो पुठ्ठ्याचा करा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम, कडक असतो आणि दुमडल्यावर धार नीट येते. चिकटपट्टीने जोडा, टेबलावर उभा करा आणि दोन दिवस येता-जाता बघत राहा. माझ्या पहिल्या नमुन्याचं पोट इतकं मोठं झालं होतं की बायको म्हणाली, "हा गाळ काढतोय की खातोय?" पुठ्ठा होता म्हणून दहा मिनिटांत कापून लहान केला. प्लास्टिक असतं तर तसाच राहिला असता.

पोट

सनबोर्डचा खोका करताना जाडी वजा करायला विसरू नका. बाहेरून ५० रुंद हवा असेल तर दोन बाजूंचे तुकडे ७५ गुणिले ५० चे, वरचा आणि खालचा त्यांच्या मध्ये बसणार म्हणून ७५ गुणिले ४४ चे, आणि पुढचा-मागचा ४४ गुणिले ४४ चे. तीन आणि तीन सहा गेले. हा हिशोब चुकला की खोका बंदच होत नाही, आणि मग माणूस कोपऱ्यात गोंद ओतत बसतो. ४४ गुणिले ४४ चा आणखी एक तुकडा कापून पोटाच्या मध्यभागी आडभिंतीसारखा उभा करा. पाय याच्यावर लटकणार आहेत. वरचा तुकडा आत्ता चिकटवू नका.

स्टायरीन शीट कापायची पद्धत वेगळी. ती आरपार कापायची नसते, तिच्यावर रेघ ओढून ती मोडायची असते. पट्टी घट्ट दाबा. कटरचा पहिला हात इतका हलका, की नुसता ओरखडा उमटावा. दुसरा हात त्याच ओरखड्यातून, थोड्या जोराने. अर्ध्या मिलीमीटरला एवढं पुरतं, एक मिलीमीटरला तिसरा हात मारा. मग रेघ वर ठेवून शीट दोन्ही हातांत धरा आणि कडा खाली वाकवा. टक् असा आवाज येतो आणि आरशासारखी सरळ धार मिळते. पहिल्याच हाताला जोर लावला तर पातं पट्टीवर चढतं आणि पट्टी धरलेल्या बोटाकडे वळतं. माझ्या डाव्या तर्जनीवर त्याची खूण आहे.

आता खोक्यावर अर्ध्या मिलीमीटरचे पत्रे चिकटवा. एका बाजूला एकच मोठा पत्रा चिकटवू नका. कारखान्यात पत्रे ठराविक मापाचे येतात, ते जोडून यंत्र बनतं, आणि जिथे आतला भाग वरचेवर उघडावा लागतो तिथे छोटं झाकण असतं. पेन्सिलने आधी झाकणं आखा: बॅटरी कुठे, तेल कुठे, माणूस कुठून आत जातो. मग त्याभोवती पत्र्यांचे तुकडे पाडा आणि दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट सोडा. हात वापरून तकतकीत झालेले कोपरे, पावलांच्या जागा, कड्या या सगळ्यांचा विचार इथेच करा.

पाय, म्हणजे सगळ्यात नाजूक भाग

दोन पायांवर उभं मॉडेल पडतं. पडू नये म्हणून दोन गोष्टी करायच्या.

एक, पायाच्या आत सलग तार हवी. सायकलच्या चाकाची तार दोन मिलीमीटर जाडीची असते, दुकानात जुन्या तारा मागितल्या तर मूठभर मिळतात. एक तार एका पायाला पुरते. बाजूने पाहिलेलं पायाचं चित्र खऱ्या मापात कागदावर काढा. पोटाच्या मध्यातून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ मारा. पाय कसाही वाकू दे, ही रेघ पावलाच्या मध्यावरच उतरली पाहिजे. रोहितचा पाय असाच असतो: मांडी पुढे, घोटा मागे, पाऊल पुन्हा पोटाखाली. तार चित्रावर ठेवून दोन पकडींनी वाकवा. वरच्या टोकाला काटकोन देऊन ते टोक खोक्याच्या बाजूतून आत घ्या आणि मधल्या आडव्या तुकड्याला लागून अराल्डाइटने पक्कं करा. रात्रभर हात लावू नका. सकाळी उचलून हलवून बघा, मगच पोटाचं वरचं झाकण चिकटवा.

दोन, वजन खाली. पाऊल ५० मिलीमीटर लांब, तीन बोटांचं. एक मिलीमीटरच्या शीटच्या दोन थरांमध्ये लोखंडी वायसर दाबून बसवा. पोट पोकळ आणि पाय जड, म्हणजे रोबो हलला तरी पडत नाही. दोन्ही पावलं एका पातळीत आहेत का ते काचेवर ठेवून बघा. टेबलावर नको, टेबलं खोटं बोलतात. काचेखाली पांढरा कागद ठेवा, पावलाखालून उजेड दिसला की तेवढी तार वाकवा.

तारेभोवती आठ मिलीमीटर रुंदीच्या स्टायरीन पट्ट्यांची चौकोनी नळी करा. खऱ्या मापात ती १९ सेंटिमीटरची झाली, म्हणजे सहा मीटरच्या यंत्राला शोभेल अशी. सांध्यावर एम-सील भरा. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि बोट ओलं करून आकार द्या. पूर्ण घट्ट व्हायच्या आत दोन्ही बाजूंनी बटणं दाबा. बटणाच्या चार भोकांत पुढे बारीक बोल्ट बसवले की तो सांधा कुठल्याही क्रेनवरचा वाटतो. मागच्या बाजूने एरियलच्या नळीचा सिलिंडर लावा. सिलिंडरचं एक टोक वरच्या भागावर आणि दुसरं खालच्या भागावर असलं पाहिजे. दोन्ही टोकं एकाच भागावर असतील तर तो काहीच ओढत नाही. असे बिनकामाचे सिलिंडर मी चांगल्या चांगल्या मॉडेलांवर पाहिले आहेत.

हात आणि खोरं याच पद्धतीने. खोऱ्याला तळाशी भोकं पाडा, पाणी गळून जायला.

तपशिलांचा मोह

आता डब्यातलं सगळं भंगार बाहेर येतं आणि हात आवरत नाही. विज्ञानकथांची यानं बनवणारे कारागीर तयार किटमधले सुटे भाग असेच चिकटवत आले आहेत. त्याला किटबॅशिंग म्हणतात आणि त्या बारीक-सारीक तुकड्यांना ग्रीब्ली. पण त्यातल्या जाणकारांचं काम बघितलं तर तुकड्यांची गर्दी एका जागी असते आणि शेजारी मोठी मोकळी जागा असते. आपल्या यंत्रात मोटार आणि पंप मागच्या बाजूला आहेत, मग गर्दी तिथे. पोटाच्या बाजू सपाट. प्रत्येक तुकडा चिकटवताना स्वतःला विचारा, ही नळी कुठून निघाली आणि कुठे गेली? मध्येच हवेत संपणारी नळी म्हणजे गळका नळ.

बोल्टसाठी सोपा उपाय: टूथपिकच्या टोकावर फेविकॉल घेऊन टिंब ठेवायचं. वाळल्यावर ते आक्रसतं आणि मिलीमीटरभर गोल उंचवटा राहतो. आधी पेन्सिलने सारख्या अंतरावर खुणा करा. वीसेक टिंबं वाकडी गेली की हात बसतो. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवता येतात, हा मोठा फायदा.

कॅमेऱ्यात दिवा हवा असेल तर तीन मिलीमीटरचा पांढरा एलईडी आणि सीआर२०३२ बटण-सेल. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला. तारा खांबातून पोटात आणा आणि सेल बदलता येईल असं झाकण ठेवा.

लांबी, प्रायमर, रंग

जिथे जिथे फटी राहिल्या तिथे गाडी रंगवणारे वापरतात ती एनसी पुट्टी भरा. आपले रंगारी याला लांबी भरणं म्हणतात. एका वेळी पातळ थर, जाड भरली तर आत ओली राहते आणि आठवड्याने खड्डा पडतो. वाळल्यावर ४०० आणि मग ओला ६०० पेपर. घासताना तोंडाला मास्क. सनबोर्डच्या उघड्या कडांनाही पातळ लांबी लावा, नाहीतर रंगाखालून त्याची छिद्रं दिसतात.

मग करड्या प्रायमरचा स्प्रे. डबा दोन मिनिटं हलवा, वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबून मारा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. प्रायमर बसला की आतापर्यंत लपलेल्या सगळ्या चुका एकदम समोर येतात. निराश होऊ नका, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. मी तीन वेळा केलं.

आणि हे सगळं जुलैत करू नका. मी केलं होतं. पावसाने दोन तास उघडीप दिली म्हणून गच्चीवर गेलो, झकास पिवळा मारला आणि डोळ्यांदेखत रंगावर दुधासारखी साय आली. दमट हवेत स्प्रेतला द्रव भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं. तो पूर्ण वाळू दिला, ६०० पेपरने घासला आणि नवरात्रानंतर पुन्हा मारला. ऑक्टोबर ते मे हा आपल्याकडे रंगाचा मोसम. फक्त एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत असतात. वारा कुठून कुठे वाहतो ते बघूनच डबा उघडा.

खाडीतल्या यंत्रावर गंज हवाच, आणि तो मीठच लावून आणायचा. प्रायमरवर आधी तपकिरी स्प्रे मारा आणि रात्रभर वाळू द्या. खडेमीठ खलात जरा भरड कुटा. जिथे गंज हवा तिथे ब्रशने पाण्याचे ठिपके द्या, त्यावर मीठ भुरभुरा. पाणी वाळलं की मीठ तिथेच चिकटून बसतं. आता वरून पिवळ्याचे दोन पातळ हात. दोनेक तासांनी जुना टूथब्रश पाण्यात बुडवून मीठ घासा. खडे विरघळून निघतात आणि पिवळ्याखालून तपकिरी पोपडे उघडे पडतात, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही असे. ब्रशने काढलेला गंज कधीच इतका खरा दिसत नाही.

मीठ टाकताना पुन्हा त्या चार ओळी वाचा. पाणी जिथे साचतं तिथे गंज: झाकणांच्या खालच्या कडा, सांध्यांच्या खाचा, बोटांच्या मधला भाग. माणसाचे बूट जिथे घासतात तिथे गंज कमी आणि रंग उडालेला जास्त. पोटाच्या वर पावसाने धुऊन निघालेलं असतं, तिथे उन्हाने फिकं पडलेलं पिवळं. पायांवर भरती जिथवर चढते तिथे एक रेघ येते: खाली शेवाळी काळपट हिरवं, मध्ये सुकलेल्या चिखलाचा करडा पट्टा, वर मिठाची पांढुरकी किनार. ही रेघ दोन्ही पायांवर एकाच उंचीवर हवी. पाण्याची पातळी पाय बघून बदलत नाही. मी चिकटपट्टी लावून ती आखली आणि कडा ओल्या बोटाने मऊ केली.

शेवटी काळपट अॅक्रेलिक रंगाचं अगदी पातळ पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. हे फटींमध्ये सोडा आणि वरचं कापडाने पुसा. रंग पूर्ण झाल्यावर भाचा आला होता. आधीच्या दोन रोबोंना बघून त्याने विचारलं होतं, "मामा, याला लेझर आहे का?" याला बघून म्हणाला, "मामा, हा किती खोल रुततो?"

चिखल

तळाला सहा मिलीमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड. चिखलासाठी भिंतीची पुट्टी, फेविकॉल आणि करडा-तपकिरी रंग कालवून पसरा, आणि मिश्रण ओलं असतानाच पावलं दाबा, म्हणजे बोटांच्या बाजूने चिखल वर येतो. ओला दिसावा म्हणून वाळल्यावर खोलगट जागी चकाकीचं वॉर्निश. चहाचा चोथा मातीसारखा दिसतो म्हणून मी एकदा वापरला होता. श्रावणात त्यावर पांढरी बुरशी आली आणि अख्खा तळ फेकावा लागला.

श्वासमुळं साधारण वीस सेंटिमीटरची धरली तर इथे आठ मिलीमीटर. खराट्याच्या काड्या या मापात मनगटाएवढ्या जाड होतात, फुलझाडूच्या टोकाच्या बारीक काड्या बरोबर बसतात. शे-दोनशे तुकडे चिमट्याने रोवायला दोन रविवार जातात, क्रिकेट लावून बसा. प्लास्टिकच्या पिशव्या दाखवायच्या तर खऱ्या पिशवीचा तुकडा वापरू नका, चोवीस पटीने ती ताडपत्री होते. टिश्यू पेपरचा एक पदर सोलून पातळ फेविकॉलमध्ये भिजवा आणि मुळांना अडकवा.

शेजारी ६९ मिलीमीटरचा माणूस उभा करा. तारेचा सांगाडा आणि एम-सील, अंगात रेनकोट घातला की चेहरा-बोटं कोरायची कटकट वाचते. फोटो काढताना मोबाइल वरून धरू नका, उलटा करून लेन्स तळाच्या कडेजवळ खाली आणा. त्या माणसाचे डोळे चिखलापासून ६५ मिलीमीटरवर आहेत, तिथून वर बघत काढा.